काठीची सावली आणि साइन थीटा

आमच्या डोणगावात दहावीच्या एखाद्या मुलाला ‘साइन तीस किती?’ असे विचारले, तर ‘एक छेद दोन’ हे उत्तर तो झोपेतही देईल. ‘साइन म्हणजे काय रे?’ असे विचारावे, तर ‘समोरची बाजू भागिले कर्ण’ हेही सांगेल. ‘पण ते काढायचे कशाला?’ या तिसऱ्या प्रश्नाला मात्र तो नुसता हसतो. त्यात त्याचा दोष नाही. ती गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

माझी नोकरी बँकेच्या खतावण्यांत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. मी गणिताचा शिक्षक नव्हे. पण गोष्ट सांगणाऱ्या माणसाला एक गोष्ट खटकते. एखादे पात्र मधल्याच प्रकरणात अवतरले, ते कोणाचे कोण हे कळले नाही आणि काही न करताच निघून गेले, तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. त्रिकोणमितीचे आपण तसेच करून ठेवले आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात ती भूमितीच्या भागात, शेवटून दुसऱ्या प्रकरणात भेटते. अकरावीत ती सूत्रांची लांबलचक यादी होऊन येते. पुढे कॅल्क्युलसमध्ये ‘साइनचे विकलन कोसाइन’ हे आणखी एक सूत्र पाठ करायचे असते. ही तिन्ही एका घरातली भावंडे आहेत, हे सांगायचे राहूनच जाते.

वास्तविक हे घर आपल्या ओळखीचे आहे. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ज्या किंवा जीवा म्हणतात. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य, त्याची टोके जोडणारी रेघ ही दोरी. आपल्या ज्योतिर्विदांनी तिची अर्धी लांबी हिशेबासाठी घेतली. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास अशा चोवीस अर्धज्यांचे कोष्टकच दिले. हा ‘जीवा’ शब्द अरबांकडे ‘जिबा’ झाला. पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला, जैब म्हणजे वस्त्राची घडी, आणि लॅटिन भाषांतरात त्याचा ‘सिनस’ झाला. तोच आज ‘साइन’ होऊन आपल्या मुलांना परका वाटतो.

आता एक सायकल स्टँडवर उभी करा. मागच्या चाकाच्या टायरवर खडूने खूण करा आणि चाक सावकाश, एकसारखे फिरवा. खूण आसापासून किती उंच आहे, ती झाली ज्या, म्हणजे साइन. बाजूला किती दूर आहे, ती कोज्या, म्हणजे कोसाइन. खूण आसाच्या पातळीत असते तेव्हा ती सरळ वर झेपावते. उंची भराभर वाढते. अगदी माथ्यावर येते तेव्हा ती आडवी सरकते. उंची जवळजवळ वाढतच नाही. म्हणजे बाजूचे अंतर जास्त तेव्हा उंचीचा वेग जास्त, ते शून्य तेव्हा वेगही शून्य. साइनच्या वाढीचा वेग म्हणजे कोसाइन, हे सूत्र फळ्यावर येण्याआधी डोळ्यांना दिसले.

भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची त्या त्या क्षणाची गती काढताना हाच संबंध वापरला. त्यांनी कॅल्क्युलस शोधला असे म्हणण्याचे कारण नाही. ते शास्त्र न्यूटन आणि लायब्निझ यांच्या हातून सतराव्या शतकात उभे राहिले. पण बीज हेच होते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ साली मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. म्हणजे आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातच.

माझी सूचना साधी आहे. नववीच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येक शाळेने मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवावी. दुपारी साडेबाराच्या आगेमागे सावली सर्वांत आखूड होते. ती रोज मोजून वहीत लिहावी. त्याच वेळी आवारातल्या लिंबाच्या झाडाची सावली मोजली, तर समरूप त्रिकोणांवरून झाडाची उंची निघते. ही भूमिती. काठी आणि तिची सावली यांच्या गुणोत्तरावरून सूर्य किती अंशांवर आहे ते कळते. ही त्रिकोणमिती. डोणगावात २२ डिसेंबरला ती सावली सुमारे ९५ सेंटीमीटर भरेल, २१ मार्चला सुमारे ३६.

आणि खरी गंमत पुढे आहे. डिसेंबरच्या त्या आठवड्यात सावली सेंटीमीटरभरही हलणार नाही. मार्चच्या आठवड्यात मात्र ती पाचेक सेंटीमीटर आखडेल. सूर्याचे दक्षिणोत्तर येणे-जाणे बरेचसे त्या चाकावरच्या खुणेसारखेच आहे, टोकाला मंद आणि मध्यावर वेगवान. हा फरक वहीतल्या आकड्यांत दिसला, की कॅल्क्युलसचे दार किलकिले झालेच.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपवायचा कधी? परीक्षेत तर सूत्रेच विचारतात. हे म्हणणे खोटे नाही, आणि सूत्रे पाढ्यांसारखी पाठ हवीतच. पण काठीला रोज पाच मिनिटे लागतात, खर्च शून्य, आणि अर्थ कळलेले सूत्र परीक्षेनंतरही टिकते. ‘मुलांना नववीत कॅल्क्युलस कशाला?’ असेही कोणी विचारील. त्याचे नावही घेऊ नका. वेगसुद्धा मोजता येतो, एवढे कळले तरी पुरे.

विल्यम लॅम्टन या माणसाने १८०२ साली मद्रासहून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. पायारेषा साखळीने मोजायची आणि पुढचे अंतर कोनांवरून काढायचे, हीच ती रीत. १८२३ साली तो आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. ज्या विद्येने अवघा देश मोजला, ती आमच्या मुलांना पाच गुणांचा प्रश्न वाटते. ‘गणित आपल्या डोक्याचे नाही’ ही समजूत घेऊन जी मुले शाळेतून बाहेर पडतात, त्यांचे डोके कमी नसते. त्यांना ऊन, काठी आणि सावली यांची सांगड कोणी घालून दिलेली नसते, एवढेच. उन्हाची तर आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती.