राक्षस होऊन मिळणारी सहानुभूती

माझा कॉलेजात जाणारा मुलगा 'डेव्हिल मे क्राय' बघत होता. शेवटचा भाग संपल्यावर म्हणाला, "अब्बू, ये राक्षस तो अपनेवाले हैं." तो खूश होता. मी नव्हतो.

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या २००१ सालच्या व्हिडिओ गेमवरून नेटफ्लिक्सने एप्रिल २०२५ मध्ये ही आठ भागांची ॲनिमेशन मालिका आणली. निर्माता आदी शंकर, जन्म कोलकात्याचा. गेममध्ये बहुतेक राक्षस मारण्यासाठीच असतात. मालिकेत मात्र 'माकाई' या त्यांच्या जगातून जीव वाचवून पळालेले निर्वासितही आहेत. अमेरिकेचा धर्मवेडा उपाध्यक्ष बेन्स त्यांच्यावर सैन्य सोडतो. शेवटी ग्रीन डे बँडचं 'अमेरिकन इडियट' वाजतं आणि फौजा माकाईत शिरतात. गाणं २००४ चं, बुशच्या काळातलं. रोख इराककडे आहे, हे कुणालाही कळेल.

हेतू चांगला आहे, मान्य. पण जरा थांबा. जानेवारी २००२ मध्ये बुशने इराक, इराण आणि उत्तर कोरियाला 'दुष्टांचा अक्ष' म्हटलं. म्हणजे इराकी माणसाला आधी सैतान ठरवलं, मग त्याच्यावर बॉम्ब टाकले. मालिका ही शिवी खोडत नाही. ती शिंगं तशीच ठेवते आणि म्हणते, बघा, यांच्यातही काही चांगले असतात. 'चांगला मुसलमान' हे प्रमाणपत्र आपल्याला नवीन आहे का?

दुसरी गोष्ट. सगळं पाप एका धर्मवेड्यावर ढकललं की बाकीचे सुटतात. ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाचा अधिकार देणाऱ्या ठरावाला अमेरिकी सिनेटच्या १०० पैकी ७७ सदस्यांनी हात वर केला. त्यात दोन्ही पक्षांचे सभ्य, सुशिक्षित लोक होते. ज्या शस्त्रांसाठी युद्ध केलं, ती सापडलीच नाहीत.

तिसरी गोष्ट शिक्षक म्हणून सांगतो. व्याकरणात कर्ता आणि कर्म असतं. या मालिकेत बंड पुकारणारा 'पांढरा ससा' जन्माने माणूसच आहे. नायक दांते अर्धा माणूस. निर्वासित मात्र कर्मच राहतात: त्यांना मारलं जातं, वाचवलं जातं, त्यांच्यासाठी रडलं जातं. जुल्म त्यांच्यावर, गोष्ट दुसऱ्याची.

कुणी म्हणेल, "सर, रूपक आहे, इतकं ताणू नका." मग हे ऐका. नाब्लसच्या रशीद अबुएदेह या पॅलेस्टिनी तरुणाने २०१६ मध्ये 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर' हा छोटा गेम बनवला. २०१४ च्या गाझा युद्धात बायकामुलांना वाचवू पाहणारा एक बाप, एवढीच गोष्ट. शिंगं नाहीत, शेपटी नाही. ॲपलने सुरुवातीला त्याला गेम मानायलाच नकार दिला. बातम्यांच्या किंवा संदर्भाच्या विभागात टाका म्हणाले. आरडाओरड झाल्यावर काही दिवसांनी निर्णय बदलला. म्हणजे राक्षसाचं दुःख मनोरंजन ठरतं आणि माणसाचं दुःख राजकारण!

मालिका बघू नका, असं मी म्हणत नाही. बघा. पण टाळी वाजवण्याआधी विचारा, आपल्याला माणूस म्हणून दाखवायला काय अडचण होती?

मुलालाही मी तेच म्हणालो, "बेटा, अपनेवाले राक्षस नहीं थे. इन्सान थे."