दोन इंच जास्तीचं झबलं

मैत्रिणींच्या बाळांसाठी मी आजवर काय काय नेलंय म्हणून सांगू? कार्टूनवाले टी-शर्ट, इवलीशी जीन्स, एकदा तर चक्क टाय! असली ‘क्यूट’ खरेदी बाळाला जेमतेम महिनाभर होते, मग कपाटात जाऊन बसते. ‘स्वतः शिवून दे’ असं कुणी म्हणालं असतं, तर मी हसलेच असते. शिवणाशी माझा संबंध ड्रेस टेलरकडे टाकण्यापुरता.

यंदा दसऱ्यानंतर वडवणीहून आजीचा फोन आला. “डोळ्याला काई दिसंना माय. सुई ववायला तरी ये.”

मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतरचं, आणि काम त्याआधीचं. बीड जिल्ह्यातली जोडपी ऊसतोडीला निघतात ती याच सुमारास, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’च म्हणतात. तान्ही लेकरंही सोबत जातात. मग पाच-सहा महिने मुक्काम कोपीत, आणि तोडणी पहाटेच्या थंडीपासून. गल्लीतून निघणाऱ्या बाळाला झबलं-कुंची द्यायची, हा आजीचा वर्षानुवर्षांचा नेम. या वेळचं बाळ दोन महिन्यांचं होतं. ट्रक निघणार गुरुवारी रात्री. आणि मी पोचले बुधवारी दुपारी!

कापड म्हणजे आजीचंच जुनं सुती लुगडं. नवं कापड तिला चालत नाही. शंभरदा धुतलेलं सूत मऊ असतं, घाम टिपतं, टोचत नाही. (तुमच्याकडे लुगडं नसेल तर जुनी सुती बेडशीट चालेल. सिंथेटिक नको म्हणजे नकोच.)

मी इंटरनेटवरून नवजात बाळाची मापं लिहून नेली होती. आजीने ती उडवून लावली. “आजच्या मापाचं शिवलं तर संक्रांतीला लेकरू उघडं पडंल की!” थोडक्यात, कपडा बाळाच्या आजच्या अंगाचा नाही, मार्चमधल्या अंगाचा बेतायचा. म्हणूनच झबल्याला बटणं नसतात, बंद असतात. बाळ भरलं की गाठ सैल बांधायची. आणि खाली दोन इंच कापड आत दुमडून ठेवायचं, लांबी कमी पडली की उसवायचं.

तर बेत असा. २० इंच रुंद, २८ इंच लांब तुकडा घ्या. लांबीत दुमडा, ही घडी म्हणजे खांदा. मग रुंदीत दुमडा. आता १० बाय १४ इंचांची चार पदरी घडी हातात येईल. मधल्या घडीपासून ६ इंचांवर खूण करून खालून वर कापत या, खांदा साडेचार इंच उरला की बाहेरच्या बाजूला वळा. बाही आणि अंग एकदमच कापून होतं, जोडायची भानगड नाही. गळा दोन इंच रुंद, अर्धा इंच खोल. मग घडी उघडून फक्त पुढचा गळा आणखी दीड इंच उतरवा आणि पुढचा भाग मधोमध चिरा.

फक्त पुढचा, हं! मी उत्साहात दोन्ही पदर चिरले. आजीने बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, “आता दोन लेकरांचं झालं.” दुसरा तुकडा कापावा लागला. पहिल्याची दुपटी झाली.

मग बाजूच्या दोन टिपा. काखेच्या कोपऱ्यात टिपेपर्यंत छोटा काप द्या, नाहीतर तिथे कापड ओढलं जातं. आजी तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण बाहेर ठेवते. दिसायला विचित्र, पण कातडीला काचत नाही. गळ्याला आणि चिरेला तिरकी कापलेली पट्टी लावायची. पायमशीन माझ्या पायाला जुमानेना, तेव्हा ही पट्टी मी हातानेच घातली. त्यात दीड तास गेला, बाकी सगळं पाऊण तासात. बंद बोटभर-दोन बोटं गाठीपुरतेच ठेवा, लांब बंद बाळाला अडकतात.

कुंची त्याहून सोपी. १८ बाय २४ इंच तुकडा रुंदीत दुमडायचा, वरची कड शिवायची, कडा दुमडायच्या, हनुवटीपाशी दोन बंद. झालं! बाळ झोपलं की मात्र ती काढून ठेवायची.

गुरुवारी संध्याकाळी आजीने झबल्याच्या प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवला. एक बंद ओढून पाहिला, तो तिच्या हातात आला! मी परत घातला, या वेळी तीनदा टाका मारून. मग तिने एका सुईत पांढरा दोरा ओवायला सांगितला, गाठ मारायला लावली, आणि सुई काड्यापेटीत घालून कपड्यांसोबत बांधली.

“दोन इंच उसवायचंय म्हणून सांग तिला,” ती म्हणाली. “संक्रांतीच्या आधी नको.”