टॉमची गुहा आणि धाराशिवचीं लेणीं

मार्क ट्वेनचें ‘टॉम सॉयर’ आणून दिलें, तरी मुलें चार पानें चाळून तें मिटून ठेवितात, अशी पुष्कळ पालकांची तक्रार असते. आमच्या मतें येथें चित्रांचें साहाय्य घ्यावें. १८७६ सालीं अमेरिकेंत हें पुस्तक निघालें, तेंच मुळीं ट्रू विल्यम्स यांच्या चित्रांसह. प्रथम चित्र दाखवावें, मग तेवढा प्रसंग मराठींत सांगून मूळचे दोन परिच्छेद मोठ्यानें वाचावे. शब्दार्थ पाठ करून घेऊं नयेत. तो उद्योग शाळेंत होतोच!

धाराशिवच्या मुलांना एक सोय आयतीच आहे. टॉम आणि बेकी गुहेंत वाट चुकतात, शेवटची मेणबत्ती विझते, आणि टॉम पतंगाची दोरी सोडीत अंधारांत चांचपडतो. हें प्रकरण वाचण्यापूर्वीं मुलांना गांवाबाहेरच्या डोंगरांतील लेण्यांत नेऊन आणावें. लेणीं माणसांनीं कोरलेलीं, टॉमची गुहा निसर्गाची, हें खरें. पण आंतला गारवा अंगाला लागलेल्या मुलास पुढचें समजावून सांगावें लागत नाहीं.

संक्षिप्त रंगीत आवृत्त्या मात्र आम्हांस पसंत नाहींत. त्यांत चित्रें भरपूर असतात, ट्वेनचा खट्याळपणा तेवढा गळालेला असतो. मूळ पुस्तकांत गुलामांविषयींचे हीन शब्द येतात. तेथें वडील माणसानें जवळ बसावें. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकनांस अर्पण केली, हेंही सांगावें. ‘मग आपल्याकडे कसें होतें, आजोबा?’ असें नातवानें विचारलें, तर आजोबांनीं पान उलटण्याची घाई करूं नये.