आधीं कणगी, मग बाजार

१९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील शेतकरी खडी फोडून परदेशी मिलोच्या भाकरीवर जगला. तो धडा आम्ही विसरलों काय? आज कित्येक घरांतला कापूस, सोयाबीन तडक बाजारांत जातो आणि कणगी रिकामीच राहते. मग पावसाळ्यांत तोच शेतकरी, तोच सुतार-कुंभार उधारीनें महाग दाणे घेतो! माणशीं रोज अर्धा किलो धरला, तर पांच माणसांस चार महिने तीन क्विंटल जोंधळा पुरतो. तेवढा उन्हांत कडक वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून आधीं कणगींत भरा. बियाणें निराळें राखा. लग्नाचा बँडबाजा मागाहून! बांधवांनो, ज्याच्या घरीं दाणा आहे, त्याला सावकाराचें दार ठोठवावें लागत नाहीं.