रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलेली मुलं

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या लहान मंडळीत रविवारी सकाळी मागच्या खुर्चीवर बसून पाहावं. पुढे सतरंजीवर शब्बाथशाळेची पोरं, भिंतीकडेला म्हातारी माणसं, त्यांच्या मांडीवर बांधणी सुटत आलेलं ‘उपासना संगीत’. मधल्या खुर्च्या रिकाम्या. कोपऱ्यातल्या कीबोर्डवर कापड टाकलेलं असतं, कारण वाजवणारा मुलगा जूनमध्ये पुण्याला गेला.

तरुणांसाठी काय करावं, याचा विचार मंडळ्यांमध्ये मनापासून चालला आहे, हे खरं. पूर्वी तरुण संघ म्हणजे प्रार्थनासभा, पवित्र शास्त्रावरची प्रश्नमंजुषा, नाताळचं नाटक आणि थंडीत घरोघर जाऊन म्हटलेली गीतं. आता यूथ मीटिंग असते, उन्हाळ्यात कॅम्प असतो, यूट्यूबवर ऐकून बसवलेली हिंदी-इंग्रजी गाणी असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रोज सकाळी एक वचन येतं. पेटी-ढोलकी जाऊन गिटार आली म्हणून कुरकुरणाऱ्या वडीलजनांचं मला पटत नाही. वाद्य कोणतंही असो, पोरं मनापासून गात असतील तर गाऊ द्यावं. अडचण दुसरीच आहे. ही सगळी पद्धत पुण्या-मुंबईच्या मोठ्या चर्चमधून उचललेली आहे. तिथे तरुणच शे-दोनशे असतात, त्यांच्यासाठी वेगळा पास्टर असतो, आणि मुख्य म्हणजे तिथे तरुण येतात. आपल्याकडून ते जातात.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाख 77 हजार, त्यात ख्रिस्ती कुटुंबं अगदी मोजकी. सोयाबीन आणि हळद सोडली तर हाताला काम कमी. बारावी झाली की मुलगी नर्सिंगला जाते, मुलगा डिप्लोमाला नाहीतर थेट कंपनीत. नांदेड, संभाजीनगर, पुणे, हैदराबाद. ज्या मंडळीत आठ तरुण, तिथले पाच दोन वर्षांत जाणार हे पाळकांना ठाऊक असतं. तरीही यूथ मीटिंगला किती आले यावरच काम मोजलं जातं, आणि संख्या घटली की पाळक स्वतःला दोष देत बसतात. दोन-तीन गावं सांभाळणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यावर हे ओझं नको.

तरुणांमधल्या ख्रिस्ती कामाची एक मोठी सुरुवात घर सोडून आलेल्या मुलांमधूनच झाली होती, हे आपण विसरलो. जॉर्ज विल्यम्स हा इंग्लंडच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, लंडनला कापडाच्या दुकानात नोकरीला. दिवसभर दुकानात उभं राहायचं आणि रात्री तिथेच माळ्यावर दाटीवाटीनं झोपायचं. बाविसाव्या वर्षी, 6 जून 1844 रोजी, त्यानं बरोबरीच्या काही नोकरदार पोरांना घेऊन प्रार्थनेसाठी आणि शास्त्रवाचनासाठी संघ काढला. तीच वायएमसीए, मुंबईत ती 1875 मध्ये आली. चाकण किंवा हिंजवडीच्या बाजूला एका खोलीत पाच-सहा जण मिळून राहणाऱ्या आपल्या पोरांची गत त्याहून फार वेगळी नाही.

आपल्या रेव्हरंड टिळकांचंच पाहा. नोकरीसाठी राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि ज्या नरसीला परंपरा नामदेवांचं जन्मगाव मानते, ती तर याच जिल्ह्यात. नामदेव पंजाबात गेले आणि त्यांची पदं आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गाव सुटलं म्हणजे श्रद्धा सुटते असं या मातीनं तरी कधी मानलेलं नाही.

मग जाणाऱ्याच्या हाती मंडळी काय देते? पहिल्या शतकात पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय काढून पाहावा. करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातली फिबी ही बहीण रोमला येते आहे, तिला सांभाळून घ्या, लागेल ती मदत करा, अशी तिची शिफारस तिथे अगदी आरंभीच आहे. आपल्याकडेही सभासदत्वाचं पत्र देण्याची रीत होती, अजून काही ठिकाणी आहे. बहुतेक वेळा मात्र ते लग्न ठरल्यावरच आठवतं. नर्सिंगला निघालेली एकोणीस वर्षांची मुलगी रात्री आठ वाजता ट्रॅव्हल्सची वाट पाहत थांब्यावर उभी असते. सोबत एक बॅग, आईनं बांधून दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. पुण्यात कोणत्या मंडळीत जायचं, तिथे कोणाला फोन करायचा, हे तिला कोणीही सांगितलेलं नसतं. पहिला रविवार ती हॉस्टेलवर कपडे धुण्यात घालवते. दुसराही. वर्षभरानं ती नाताळला घरी येते तेव्हा प्रभुभोजनाला पुढे यायलाच संकोचते.

इथे पाळकांचा एक फोन पुरला असता. कॅम्पचा खर्च नाही, साउंड सिस्टीम नाही. मुलगी निघण्याच्या आठवडाभर आधी तिकडच्या पाळकांशी बोलायचं, तिच्या हाती पत्र द्यायचं, रविवारी सगळ्या मंडळीसमोर तिच्यासाठी प्रार्थना करायची. आणि त्याआधीची दोन वर्षं तिला एकटीनं शास्त्र वाचायला, खोलीतल्या मैत्रिणीनं विचारलं तर आपल्या शब्दांत सांगायला शिकवायचं. आज यूथ मीटिंगमध्ये बोलतो बहुधा पाळक, मुलं ऐकतात. ऐकण्याची सवय हॉस्टेलवर उपयोगी पडत नाही.

राहिलेल्या तिघांबद्दलही लिहायला हवं, कारण त्यांचं कोणी बोलत नाही. एक शेती बघतो, एक मोबाइलच्या दुकानात बसतो, एक पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला मैदानावर पळतो. साक्षीच्या वेळी आपण गेलेल्यांच्या नोकऱ्यांचीच स्तुती करतो आणि हे तिघं खाली मान घालून बसतात. माझं पाळकांना आणि वडीलजनांना कळकळीचं सांगणं आहे, मंडळीचा जमाखर्च या तिघांपैकी एकाकडे द्या. हॉस्पिटलात कोणाला भेटायला निघालात तर दुसऱ्याला गाडीवर मागे बसवून न्या. तिसऱ्याची भरतीची तयारी चालली आहे, तर त्याच्यासाठी रविवारची संध्याकाळची मीटिंग दुपारी घ्या. आणि गेलेल्या पाचांचे नंबर भिंतीवर लावा, म्हणजे उपासनेनंतर शब्बाथशाळेच्या बाईंनाही वाटेल, आज हिला फोन लावून बघावा.