मद्यासक्ताची अर्धी चौकशी



‘मद्यासक्ताच्या रक्त-लघवीची तपासणी पुरे; अन्य मादक द्रव्यांविषयी पृच्छा करून घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणू नये,’ हे गतांकातील पत्रलेखकांचे मत, त्यामागील कुटुंबवत्सलता मान्य करूनही, घातक आहे असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. तपासणीने द्रव्य शरीरात गेले एवढेच कळते, त्याची आसक्ती जडली की नाही हे कळत नाही. शिवाय अफूवर्गाच्या नेहमीच्या चाचणीत ट्रामाडोल बहुधा सापडतच नाही.

येथे कलकत्त्यात माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची दारू तोडल्यावर चौथ्या दिवशी हातांचा कंप थांबला, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, आणि आठव्या दिवशी त्यांना आकडी आली. मागाहून कोटाच्या आतल्या खिशात झोपेच्या गोळ्यांचे अर्धे पाकीट निघाले. मद्य सोडल्याचा उपद्रव बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांत जोर करतो. डायझेपामसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्या सोडल्याचा मात्र आठवडा उलटल्यावरही उद्भवतो, आणि मद्यमुक्तीसाठी तेच औषध दिले जात असल्याने तोवर झाकलेला राहतो.

असे लोक थोडे नाहीत: केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या अहवालात झोपेच्या गोळ्यांसारखी शामक औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेणाऱ्यांची संख्या सुमारे १.१८ कोटी नमूद आहे.

तेव्हा नातलगांना बाहेर बसवून, झोपेच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, वेदनाशामके, गांजा अशी एकेका द्रव्याची नावे घेऊन वैद्याने विचारावे, आणि नशा पुरती उतरल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, तीच चौकशी पुन्हा करावी.

आपला,
एक वाचक, भवानीपूर, कलकत्ता