न दिलेल्या परवान्याचे मोल

खासगी सुरक्षा संस्था चालवावयाची तर सरकारी परवाना हवा, यात गैर काही नाही. गणवेश घालून दुसऱ्याच्या दारी पहारा करणाऱ्याची चौकशी झालीच पाहिजे. २००५ च्या कायद्याने ती सोय केली. आमचे भांडण आहे ते त्या कायद्याच्या तराजूशी.

हा कायदा अर्जासोबतच शुल्क मागतो. एका जिल्ह्यापुरते काम असेल तर ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००, साऱ्या राज्यासाठी २५,०००. अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावावा असे सरकारवर बंधन आहे. परंतु ते बंधन मोडले अथवा परवाना नाकारला, तर पैसे परत मिळतील असा एक शब्दही त्यात नाही. चौकशीला खर्च येतो, असे सांगण्यात येईल. येतो ना! मग तो वजा करावा आणि उरलेली रक्कम अर्जदाराच्या हाती ठेवावी. दिलाच नाही त्या परवान्याचे मोल घेणे हा कोणता न्याय?

आता हाच हिशेब आमच्या भागात मांडून पाहा. पांढुर्ण्याच्या माणसाचा व्यवहार नरखेड-काटोलशी, वरुडशी, नागपूरशी. परवाना मात्र राज्याच्या वेशीवर संपतो. पांढुर्णा, नागपूर आणि अमरावती हे तीन जिल्हे एका राज्यात असते तर १०,००० रुपयांत भागले असते. आज मध्य प्रदेशाकडे ५,००० आणि महाराष्ट्राकडे १०,००० भरावे लागतात. वर दोन चौकश्या, दोन परवाने आणि दोन नूतनीकरणे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी जी रेषा अमलात आली, तिचा हा रोख ५,००० रुपयांचा भुर्दंड! (२०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचा आनंद आम्हांसही आहे. पण सौंसर व छिंदवाडा अशा दोन्ही ठिकाणी पहारेकरी पुरविणारा पूर्वी एका जिल्ह्याच्या शुल्कात बसे, तो आता दोन जिल्ह्यांचा धनी ठरला.)

विलीनीकरण झालेच पाहिजे. तोवर निदान इतके करावे : नकार आल्यास चौकशीखर्च वजा जाता शुल्क परत द्यावे, ६० दिवस उलटल्यास सर्वच्या सर्व द्यावे, आणि सीमेला लागून असलेले दोन्हीकडचे जिल्हे एकाच शुल्कात धरावेत. कायदा संसदेचा आहे. तेव्हा भोपाळ-मुंबईकडे बोट दाखवून दिल्लीला सुटता येणार नाही. पांढुर्णा-सौंसरच्या ज्या बांधवांनी शुल्क भरून नकार पदरी घेतला असेल, त्यांनी पावत्यांच्या नकला आमच्या कचेरीत आणून द्याव्यात. मूळ पावत्या मात्र कोणाच्याही हाती देऊ नयेत.